गूळ कमी पडला

कामठा
मार्गशीर्ष वद्य तृतीया, म्हणजे तुझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर रविवार

श्यालकश्रेष्ठ ओमेश यास अनेक आशीर्वाद.

श्यालक म्हणजे साळा. संस्कृतात लिहिलं की शिवीलाही सोवळं नेसवता येतं.

पत्रास कारण की, तुझ्या 'न्यू ओमेश चायनीज अँड फास्ट फूड सेंटर' या संस्थेविरुद्ध (जुनं सेंटर कधीच नव्हतं, तरी हे 'न्यू' कसं, तो प्रश्न आज बाजूला ठेवतो) मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. काल खुशीबरोबर जे पार्सल आलं, त्यातल्या लाल चटणीच्या पिशवीला एक रबर होता. तो रबर कुणी गुंडाळला? चटणी बांधली होती की चोर? नखांनी सुटेना, सुईनं सुटेना. शेवटी दातांचा आश्रय घेतला. पिशवी फुटली आणि समोर ठेवलेल्या नववीच्या सहामाही पेपरांवर चटणीचा अभिषेक झाला. माझ्या लाल शेऱ्यांची पोरांना सवय आहे, पण आज घरी शिकवणीला आलेल्या एकीनं भीत भीत विचारलं, "सर, माजं उत्तर एवढं चुकलं का?"

मी मोमोज खात नाही, हे तुला ठाऊक आहे. मी ते फक्त उघडून पाहत होतो. सहाच्या जागी तीन उरले, ते उघडून पाहण्यातच.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्याबद्दल राग नाही. उलट पत्रलेखनाच्या कलेला तुझ्यामुळे ऊर्जितावस्था आली. तुझी भाची खुशी नर्सिंग शिकायला तिरोड्यात तुझ्याच घरी राहते, शनिवारी येते, रविवारी जाते, तेव्हा पोस्टाचाही प्रश्न मिटला. बापाशी अबोला आणि लेकीला रोज गरम नाश्ता, असं वैर करायला मोठं मन लागतं. तुझं मन मोठं आहे. इतरही बरंच मोठं आहे, पण त्या विषयाला हात लावला की तू चिडतोस.

लावतोच. कारण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत जे झालं त्यात तुझा राग रास्त आहे की माझा, याचा निवाडा झालाच पाहिजे. वस्तुस्थिती मांडतो.

तू लहानपणी इतका काडीसारखा होतास म्हणे, की वाऱ्याच्या दिवशी माय तुला धानाच्या बांधीत एकटा सोडत नसे. तेव्हा तुझ्या मायनं, म्हणजे जमुनाबाईंनी, गावदेवी मातामायला नवस बोलला: पोट्टा जगला, आपल्या पायावर उभा राहिला, की तुझ्यासमोर त्याच्या भाराचा गूळ वाटीन. जगलास लवकर, उभा राहायला उशीर केलास. शेळ्या पाळल्यास, त्या वाघाच्या नावानं गेल्या. मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलंस, लोक घरीच रिचार्ज करू लागले. डीजे घेतलास, त्याचा आवाज ऐकून पहिल्याच वरातीत घोडी पळाली. मग ठेला लावलास, ठेल्याचं दुकान झालं, आणि आता वीजप्रकल्पातून सुटलेली माणसं थेट तुझ्या बाकावर येऊन बसतात. जमुनाबाई म्हणाल्या, आता उभा राहिला. मंडईला गुळाची तुला करू.

घराण्याची रीत अशी की पारड्यात गूळ ठेवायचा तो जावयानं. मी फोन करून तुला विचारलं, "बाबा रे, वजन सांग." तू सांगितलंस. तो आकडा तुझ्या लग्नातला होता, हे मला मातामायसमोर कळलं.

पुढचं तुला पाठ आहे. तलावाच्या पाळीवर चिंचेच्या फांदीला धान मोजायचा जुना काटा टांगलेला. एका पारड्यात तू, दुसऱ्यात मी गुळाची एकेक भेली ठेवतोय. सगळ्या भेल्या संपल्या, तुझं पारडं जमिनीवरून उठेना. पोरं मंडईत पळाली, दुकानादुकानातून गूळ मागून आणला. लाह्या विकणाऱ्या बाईनं चहापुरतं ठेवलेलं ढेकूळसुद्धा दिलं. पारडं तिथंच. कुणीतरी ओरडलं, "जवाई, याच्याच दुकानातल्या नूडल टाका!" सारा गाव हसायला लागला. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून स्वतः रचलेला श्लोकार्ध गेला:

उदरं वर्धतां नित्यं, न तु वैद्यस्य मन्दिरम्।

संस्कृतात होता म्हणून निभावलंही असतं. पण माझी गुणी कन्या दंडारीच्या नाटकाच्या माइकजवळ उभी होती. तिनं मराठीत सांगून टाकलं, "बाबा म्हणतात, पोट रोज वाढो, पण डॉक्टरचा बंगला न वाढो!" तो आवाज पाळीपलीकडच्या गावालाही गेला असेल.

तू उठलास, न जेवता मोटारसायकल काढलीस आणि गेलास. गूळ तसाच राहिला. तो आता आमच्या कोठीत आहे. देवाला दाखवलेला, पण वाटता न येणारा. मुंग्या त्याची नित्य पूजा करतात.

कळव, कधी येतोस.

तुझा (अजूनही) जिजाजी,
गुलाबचंद टेंभरे


कामठा
पौष शुद्ध दशमी

चि. ओमेश,

तुझं उत्तर मिळालं. नूडलच्या डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलेलं पत्र मी आयुष्यात प्रथमच वाचलं. वर 'व्हेज' आणि खाली तू. अक्षर सुधारलं आहे. मजकूर असा:

"जिजाजी, मी येऊन नाई राहिलो. गूळ कमी पडला तं तुमी कमी आनला. अजून आना. माय खुश, तुमी खुश, मी इथंच खुश."

डब्यातली नूडल मी कुत्र्याला घालणार होतो. कुत्रा घरी नव्हता.

तुझ्या मायचंही तेच मत आहे, शब्द मात्र अधिक तिखट. काल अंगणात सभा भरली. जमुनाबाई, तुझी ताई वच्छला, मातामायचा पुजारी सुकराम, आणि आरोपीच्या जागी मी. जमुनाबाई म्हणाल्या, "जवाई, गूळ कमी पडला तं गूळ वाढवा ना. माया पोट्ट्याले कायले कमी करता?"

तर्क बिनतोड होता. वच्छला म्हणाली, "माय, त्याचं पोट पाह्यलं का तू?"

"पाह्यलं. माह्याच घरचं हाय. काडी होता तवा तू त्याले 'सुतळी' म्हनत होती. आता भरला तं तुले तेही चालत नाई!"

ओमेश, मला त्या क्षणी जाणवलं की तुझ्या मायच्या डोळ्यांना तू अजून तोच दिसतोस, वाऱ्यानं उडणारा. तुझ्यावर चढलेला प्रत्येक थर तिला नवस फळल्याची खूण वाटतो. या बाईपुढे कॅलरीचं व्याख्यान द्यायची छाती माझ्यात नाही.

सुकरामनं तोड काढली. "जवाई शिकलेले हायेत. पोथी पाहून सांगावं, गूळ वाढवता येते का नाई."

मी आत गेलो. पोथी काढली, डोळ्यांवर चष्मा चढवला, ओठ हलवले आणि बाहेर येऊन निर्णय दिला: एकदा पारड्यात चढलेला गूळ वाढवता येत नाही, घटवता येत नाही. ज्याची तुला, त्यानंच गुळापर्यंत यावं. मुदत अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत.

मग जमुनाबाई म्हणाल्या, "म्हंजे पोट्ट्यानं गुळाएवढं व्हायचं?"

"शास्त्र तसं सांगतं."

"कोनं लिहिलं हे शास्त्र? त्याले पोट्टे-बाट्टे होते का नाई?"

पण ऐकलं. एवढंच नव्हे, तू गुळापर्यंत येशील तोपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही, असं व्रत घेतलं. तीन पेले गोड चहा पिणारी बाई आता कोरा चहा पिते, आणि प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघते. तो घोट मलाच कडू लागतो.

आता तू म्हणशील, मी कुठं एवढं खातो. खुशीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मामा जेवतच नाई. फक्त चाखतो." मग सविस्तर सांगितलं. सकाळी मैद्याची पारी चाखतोस, दुपारी मंचुरियनचा रस्सा चाखतोस, गिऱ्हाइकांच्या गर्दीत प्रत्येक कढईतला एक चमचा चाखतोस, आणि दुकान बंद करताना जे उरतं ते वाया जाऊ नये म्हणून चाखतोस. ताटावर मात्र बसत नाहीस. अन्नाचा मान राखणारा माणूस अन्नानंच मारला जावा, हा कुठला न्याय? ठेल्याच्या काळात तू ठेला ढकलत तरी होतास. आता दुकान जागेवर आहे, आणि तूही.

आणि हे फक्त तुझं नाही, म्हणून तुला एकट्याला रागावणं मला पटत नाही. आमच्या शाळेचे गणवेश शिवणारा मुन्नालाल टेलर परवा म्हणाला, "सर, पहले हाफपँटला खालून कपडा सोडत होतो, पोट्टा उंच होईल म्हणून. आता साइडनं सोडतो." त्याच्या दुकानात शिवणयंत्रावर बसून या तालुक्याचं आरोग्य कळतं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुरकुर असा एकच आवाज येतो. पाच वर्षांमागे त्या डब्यांतून आंबाडीचा वास यायचा. तेव्हा पोरं त्या वासाला लाजायची. आता मी त्या वासाची वाट बघतो.

तू ये. गूळ वाट पाहतो आहे. मुंग्याही.

गुलाबचंद


कामठा
मकर संक्रांत

चि. ओमेश,

तिळगूळ घे. तुझी माय घेत नाही. हातात घेतला, वास घेतला, परत ठेवला आणि म्हणाली, "पोट्ट्यानं यंदा माही संकरात खाल्ली." पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगू शकलो नाही की यात माझाही वाटा आहे. कारण विचारशील तर पत्र शेवटपर्यंत वाच. या पत्राच्या नव्हे, शेवटच्या पत्राच्या शेवटपर्यंत.

तुझ्या दुसऱ्या झाकणावरचं आव्हान वाचलं. "जिजाजी, लय शास्त्र सांगून राहिले. पहिले तुमी काट्यावर बसा." खाली सही, आणि सहीच्या शेजारी तेलाचा डाग. डाग अस्सल होता, त्यामुळे दस्तऐवज खरा मानला.

बसलो. घरात काटा नाही, आणि खुशीचा नर्सिंगचा काटा मला विश्वासार्ह वाटत नाही. तो नेहमी जास्त दाखवतो. म्हणून धान खरेदी केंद्रावर गेलो. तिथं मोठा काटा आहे, शेतकऱ्यांची रांग आहे, आणि गावचा अख्खा जावई काट्यावर चढतोय म्हटल्यावर रांग मोडून लोक गोळा झाले. हमालानं काटा वाचला. पुन्हा वाचला. मग अत्यंत अदबीनं विचारलं:

"जवाई, बारदान्याचं वजा करू का?"

रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात ना, तसं. मी स्वेटर घातला होता. म्हटलं, कर. त्यानं केलं. तरी रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "ओलावा हाय. वाळवून आना."

लोक इतके हसले की एकाचं पोतं सुटलं. मीही हसलो. हसता हसता लक्षात आलं की मंडईत तू चिंचेखाली असाच बसला होतास आणि तुला हसता आलं नव्हतं. मला हमालानं विचारलं होतं. तुला कुणी विचारलं नव्हतं.

असो. त्या दिवसापासून मी मोमोज सोडले. खात नव्हतोच, पण सोडले. संध्याकाळी पाळीवरून फेरी मारतो. पहिल्या दिवशी मातामायपर्यंत गेलो आणि देवदर्शनाच्या निमित्तानं बराच वेळ टेकलो. सुकराम म्हणाला, "जवाईची भक्ती वाढली." आता पलीकडच्या सांडव्यापर्यंत जातो. परत येताना पाण्यावर बगळे असतात. एकही बगळा जाडा नसतो, हे तू कधी पाहिलंस का?

ही पाळ तुझ्या खापरपणज्यांनी डोक्यावर माती वाहून बांधली म्हणतात. त्यांच्या बायका दुपारी आंबील घेऊन यायच्या. मी रोज चालताना त्या माणसांना मनातल्या मनात नमस्कार करतो आणि रोज पुटपुटतो, महाराज, एवढी उंच कशाला बांधलीत?

तुझ्या पोराला, पीयूषला, तिळगुळाची वेगळी पुडी पाठवली आहे. त्यातली तू चाखू नकोस.

गुलाबचंद


कामठा
फाल्गुन शुद्ध एकादशी

चि. ओमेश,

तू मला अनब्लॉक केलंस, हे खुशीनं सांगितलं. तरी मी फोन करणार नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. पत्रात मी तुला बोलूच देत नाही. ही सोय सोडवत नाही.

गुप्तहेरांच्या बातम्या चांगल्या आहेत. तुझ्या सौ. दुर्गेश्वरीचा वच्छलाला फोन होता. स्पीकर चालू होता आणि मी योगायोगानं फोनच्या अगदी जवळ बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, ह्यांच्या पट्ट्याले आता आतून नवीन भोक पाडा लागते."

"पाड ना मग. खिळा तापव."

"पाडलं. तं म्हनते, पट्टा जुना झाला, आटला!"

दोघी किती वेळ हसत होत्या सांगू. मग कळलं की तू सकाळी दुकान उघडायच्या आधी रेल्वे फाटकापर्यंत चालत जातोस. पीयूष पुढे पळतो आणि तुला म्हणतो, "पप्पा, लवकर या, गाडी सुटून राहिली!" आणि तू घरी येऊन ताटावर बसतोस. लाखोरीची पालेभाजी वच्छलानंच पाठवली होती. माझ्यापासून लपवून पाठवली, म्हणून मला बरं वाटलं. तुझ्या दुकानाच्या पाटीवर आता गुरुवारी पातोडी-भात लिहिलेला असतो, असंही ऐकलं. वीजप्रकल्पातली परप्रांतीय माणसं 'पटौडी राइस' म्हणून मागतात. मागू दे. नवाबी थाटात का होईना, पोटात बेसन जातं आहे.

बाकी मंचुरियन बंद करू नकोस. तुझं मंचुरियन खरोखर चांगलं असतं. असं मी ऐकलं आहे.

तू विचारलंस, "कोनत्या पोथीत हाय हे शास्त्र? खुशीनं मोबाइलवर पाह्यलं, सापडत नाई." मोबाइलवर सगळं सापडत नसतं. ती पोथी दुर्मीळ आहे. तिचं ते पान वाळवीनं खाल्लं. वाळवीही हल्ली बाहेरचं खात नाही.

आता एक गोष्ट. खुशीनं तुझं बीपी मोजलं. मी आकडा विचारला. ती म्हणाली, "बाबा, पेशंटची माहिती सांगता येत नाई." मी म्हटलं, "मामा पेशंट कधीपासून झाला?" ती उठून तुझ्या मायजवळ जाऊन बसली, आणि उगाच तिचे पाय चेपायला लागली.

होळीला ये म्हणत नाही, मुदत अक्तीची आहे. पण मोजमापाचा जो काही कागद असेल तो घेऊन एकदा गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन ये. हे शास्त्रात नाही. हे मी सांगतो आहे.

गुलाबचंद


कामठा
वैशाख शुद्ध द्वितीया, अक्तीचा आदला दिवस, दुपार

प्रिय ओमेश,

'श्यालकश्रेष्ठ' आज नको.

उद्या तू येतो आहेस. घरात उत्सव आहे. वच्छलानं अंगण सारवलं आहे आणि त्यावरून चालल्याबद्दल मला दोनदा बोलून घेतलं आहे. जमुनाबाईंनी सकाळपासून चहाच प्यायला नाही. म्हणतात, उद्या एकदमच गोड पिईन. सुकराम चिंचेच्या फांदीला दोर बांधून आला, आणि स्वतः लटकून पाहून आला. गावातली पोरं कालपासून विचारून राहिली, "जवाई, उद्या गूळ भेटते ना पक्का?" मंडईला हसलेले तेच लोक आता तुझ्या बाजूनं झाले आहेत. रांगेतला तो म्हातारा म्हणाला, "पोट्टा वाळवून आनला म्हन्ते." त्याच्या तोंडी ही शाबासकी समज.

खुशी हे पत्र संध्याकाळी तुझ्या हातात देईल. उद्या पारड्यात बसण्याआधी वाच. आणि मोठ्यानं वाचू नकोस, तिला माइकपासून दूर ठेव.

पहिली गोष्ट. ती पोथी शाळेचं व्याकरणाचं पुस्तक होतं. तुलेचं असं कुठलंही शास्त्र नाही. गूळ वाढवला तरी चालतं, कमी केला तरी देवी रागवत नाही. सगळं मी अंगणातून आत जाऊन परत येईपर्यंत बनवलं. तुझ्या मायचा चहा मीच कोरा केला. तिनं मला शिव्या घातल्या तर तू मध्ये पडू नकोस, मी त्या ऐकायला बसणार आहे.

दुसरी गोष्ट. मुंग्यांनी खाल्लेल्या गुळाच्या जागी मी हळूच नव्या भेल्या ठेवल्या आहेत. खाल्ल्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त. उद्या तुझं पारडं उचललं जाणारच. तू गुळाकडे किती आलास आणि गूळ तुझ्याकडे किती आला, हे कुणी मोजायचं नाही. वच्छलाला संशय आहे. काल कोठीत डोकावून म्हणाली, "आपल्या मुंग्या लय दानशूर दिसतात." पण ती बोलणार नाही.

मग हे सगळं नाटक कशासाठी, असं तू विचारशील. तू चालावंस, ताटावर बसावंस आणि डॉक्टरकडे जावंस म्हणून. सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, आणि सरळ सांगणं मला जमलंही नसतं. मला थट्टेशिवाय बोलता येत नाही. पण गोंदियाला तू अजून गेला नाहीस. खुशी काही सांगत नाही, तरी एवढं मला तिच्या गप्प बसण्यातून कळतं.

मंडईच्या दिवशी पाळ चढताना मी तुझ्या मागे होतो. अर्ध्यावर तू एकदम खाली बसलास. एक हात जमिनीवर टेकलास, दुसरा छातीवर होता. ओठ काळे पडले होते. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालास, "काई नाई जिजाजी, चपलेचा पट्टा सुटला."

मी हो म्हटलं आणि पुढे गेलो. पारड्यात बसलास तेव्हाही तुला घाम सुटला होता, लोक हसता हसता तुझ्या तोंडाकडे बघायला लागले होते, आणि माय समोर उभी होती. तिनं पाहू नये म्हणून मी तो श्लोक फेकला. दुसरं काही सुचलं नाही.

ओमेश, मातामायच्या पाळीवर कुणी चपला घालून चढत नाही. आपण सगळ्यांनी खाली वडाजवळ काढल्या होत्या. तुझ्या मी स्वतः बाजूला सरकवल्या होत्या, कुणी पाय देऊ नये म्हणून.

उद्या चढताना बसावंसं वाटलं तर बस. मी शेजारी बसेन, कितीही वेळ. गूळ कुठं जात नाही. आणि परवा आपण दोघं गोंदियाला जाऊ. मलाही दाखवायचं आहे, असं घरी सांगू.

त्या दिवसापासून मला फार भीती वाटते आहे.

गुलाबचंद